हलक्या हाताचा माणूस

पोहण्याच्या क्लासला जायचं म्हणून मी छातीवरचे केस काढायचं ठरवलं. खरं तर माझं पोट बघता केसांकडे कुणाचं लक्ष जाणारच नव्हतं. तरी घरीच वॅक्स तापवलं, जाड थापलं आणि ऐनवेळी ओढायला घाबरून वरून तसंच बनियन चढवलं. शेवटी छातीला चिकटलेल्या बनियनसकट सिडकोतल्या एका सलूनमध्ये पोचलो.

तिथल्या कारागिरानं हसू कसंबसं आवरलं. "साहेब, हे वॅक्स हाय का डांबर?"

त्यानं तेल लावून बनियन सोडवलं, छाती पुसून पावडर लावली. नवं वॅक्स आधी स्वतःच्या मनगटावर टेकवून पाहिलं, मग केसांच्या दिशेनं पातळ पसरून वर कापडाची पट्टी दाबली. एका हातानं कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हातानं पट्टी उलट्या दिशेनं अंगालगत ओढायची आणि लगेच तिथं तळहात दाबायचा. मी ओरडायला तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं.

"हात लई हलका आहे तुमचा," मी म्हणालो.

"बायको घाटी दवाखान्यात ॲडमिट आहे, साहेब. आजारानं कातडी पार पातळ झाली तिची. सलाईनची चिकटपट्टी मलाच काढू देते, दुसऱ्या कुणाला नाय."

माझी अर्धी छाती झाली होती, तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मेहुणीचा रडवेला आवाज मलाही ऐकू आला, "दाजी, ताई गेली."

फोन कानाशी धरूनच तो भिंतीकडे वळला. मग हळू आवाजात म्हणाला, "हातावरची पट्टी कुणी काढू नका. मी येतो. तिला दुखतं."