रंगवलेल्या फरशीला भिणारे मोठे सर

जगात भिण्यासारखं जे जे काही आहे, ते सगळं आमच्या मोठ्या सरांनी भिऊन संपवलं होतं, आणि जे अजून जगात यायचं होतं त्याला ते आगाऊ भिऊन ठेवत. आसेगावहून आत वळणाऱ्या रस्त्यावरची आमची शाळा दोन शिक्षकांची. ते मुख्याध्यापक आणि मी. सहा वर्षं मी त्यांच्या हाताखाली काढली. चांगला सहा फूट उंच माणूस, प्रार्थना सुरू केली की शेजारच्या वावरातले बैल मान वर करत असा आवाज, आणि भिऊन असायचा तो खिशातल्या मोबाइलला. फोन वाजला की ते आधी उभे राहत, सदऱ्याची वरची गुंडी लावत आणि मग पडद्यावरचं नाव वाचत. एकदा फोन त्यांच्या बायकोचाच निघाला, येताना कोथिंबीर आणा म्हणून. तोही त्यांनी उभ्यानंच ऐकला आणि शेवटी ‘हो मॅडम’ म्हणून ठेवला. मी तोंडाला ओढणी लावून हसले.

“हसा तुमी,” ते म्हणाले. “बसून बोललं तं आवाज बसल्यावानी जाते. साहेबाले समजते ते.”

मोबाइलवर आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांचा ग्रुप होता आणि त्यावर दिवसभर माहिती मागवली जाई: किती झाडं लावली, किती जगली, किती मुलांनी हात धुतले, धुतानाचे फोटो. सर प्रत्येक निरोप आधी मनात वाचत, मग मला मोठ्यानं वाचायला लावत, मग वहीत उतरवून घेत. उत्तर पाठवायला उशीर झाला तर नोटीस येईल या धास्तीनं त्यांचं बोट मेंदूच्या पुढं धावायचं. एका शिक्षकाचे वडील गेल्याची बातमी ग्रुपवर आली, तिला सरांनी क्षणाचाही विलंब न लावता ‘दोन वाजेपर्यंत सादर करतो’ असं उत्तर दिलं. नंतर आठवडाभर ते त्या शिक्षकाला भीत होते. हजेरीचं अ‍ॅप आलं तेव्हा तर कहरच झाला. आमच्याकडे रेंज फक्त हातपंपापाशी, आणि तिथं उभं राहिलं की अ‍ॅप सांगे, तुम्ही शाळेच्या हद्दीबाहेर आहात. सर शाळेच्या आवारात, हातपंपाला धरून, घामाघूम होऊन मला विचारत, “मॅडम, हे तं मले बाहेर दाखवून राह्यलं. सांगा बरं, मी शाळेत आहो का नाही?” मी शपथेवर ‘आहात’ म्हटल्याशिवाय त्यांच्या जिवात जीव येत नसे.

पण या सगळ्या बारक्या भीतींच्या खाली एक मोठी भीती होती, तिला मात्र मी कधी हसले नाही. आमचा पट चौदा. कमी पटाच्या शाळा बंद करून मुलं मोठ्या गावच्या शाळेत पाठवणार, त्याची यादी निघणार, असं दोन वर्षं ऐकत होतो. मोठ्या गावची शाळा नाल्यापलीकडे. पहिली-दुसरीची लेकरं तिथवर चालत जाणार कशी, आणि पोरींना कोण पाठवणार? पुढं त्या पोरी आईबापासोबत वीटभट्टीवर जातील, हे सरांना दिसत होतं. कागद एक जरी चुकला तरी आपल्यामुळे शाळा जाईल, असं त्यांनी मनात धरून ठेवलं होतं.

त्यातच प्रशिक्षण निघालं. मुलांना आनंददायी पद्धतीनं शिकवा म्हणून सांगणाऱ्या तज्ज्ञांनी पन्नाशी उलटलेल्या गुरुजींना हात पसरून चिमणीसारखं उडायला लावलं. आमचे सर त्या हॉलमध्ये एवढ्या भेदरलेल्या तोंडानं उडत होते की तज्ज्ञ त्यांना ‘सर, एन्जॉय करा’ म्हणाले. परतताना एसटीत त्यांनी हळूच मला विचारलं, “आनंद नाही आला तं कारवाई होते का हो मॅडम?”

मुलांनी शिकायचं ते खेळून, आपलं आपण, म्हणून वर्गाची फरशी रंगवायची ठरली. सरांनी वाशीमहून ऑइलपेंटचे डबे आणले आणि सुट्टीत दोन दिवस गुडघे टेकून सगळी फरशी एकट्यानं रंगवली. शंभरपर्यंतच्या आकड्यांचे चौकोन, अक्षरांची वर्तुळं, उड्या मारायला लांबच लांब संख्यारेषा. खरंच देखणं काम होतं. सोमवारी मुलं आरडाओरडा करत आत धावली, तर सर दारात आडवे! “पाय नका देऊ रे! साहेब येईस्तोर पुसून जाईन ते!” त्या दिवसापासून फरशीवर सतरंज्या आणि मुलं व्हरांड्यात. कपाटातून काही आणायचंच असेल तर चपला हातात घेऊन भिंतीच्या कडेकडेनं जायचं, एका रांगेत. गणिताची सरकारी पेटीही आली होती, तीही सीलबंद कपाटात. एखादा मणी हरवला तर?

व्हरांड्यात मात्र सर आपला जुना बिस्किटांचा डबा उघडत आणि चिंचोके ओतत. तेवढा वेळ त्यांची भीती कुठं जाई कोण जाणे. दहाची ढिगली मोडून हातचा कुठून येतो ते दाखवताना त्यांचे ते मोठे हात असे काही चालायचे की दुसरीच्या पोरांसोबत मीही टक लावून बघत बसे. रस्त्यावर मोटारसायकल वाजली, की सगळे चिंचोके परत डब्यात. ठरलेल्या साहित्याच्या यादीत चिंचोके नव्हते ना!

आणि एक दिवस साहेब खरंच तपासणीला आले. तरुण, मवाळ बोलणारे. सरांनी वरची गुंडी लावून सतरंज्या उचलल्या. फरशी अशी चकचकत होती, जणू रंग काल वाळला. साहेब खूश होऊन म्हणाले, “चला, सातावरून बारावर उडी कोण मारून दाखवतं?”

एकही मूल हललं नाही. चौदाच्या चौदा भिंतीला पाठ लावून, चपला हातात घेऊन उभी. साहेबांनी पुन्हा विचारलं. तेव्हा तिसरीतली रेणुका पुढं झाली, वाकून तिनं फरशीला हात लावला, तो कपाळाला लावला आणि परत भिंतीशी जाऊन उभी राहिली.

“अगं, सर रागावतात का?” साहेबांनी विचारलं.

“नाही जी. सर रागोवत नाहीत,” ती म्हणाली. “सर भेतात.”

“कशाला?”

“शाळा बंद होईन म्हणून.” मग साहेबांची कीव आल्यासारखी म्हणाली, “गणित पायजे असन तं चिंचोके आणू का?”

सरांनी डोळे मिटले. मी छताकडे बघत राहिले. पण डबा आला, चिंचोके ओतले गेले आणि साहेब अर्धा तास व्हरांड्यात मांडी घालून मुलांची गणितं बघत बसले. निघताना त्यांनी सरांचा हात हातात घेतला. “मुलं फार छान तयार केलीत. तसं मी लिहीन. पण सर, यादी मुलांच्या हुशारीवर निघत नाही, पटावर निघते.”

साहेब गेल्यावर सर वर्गाच्या दाराशी आले. मला वाटलं, आता हे पुन्हा सतरंज्या अंथरतात. त्यांनी चपला काढल्या आणि एकाच्या आकड्यावर पाय ठेवला. मग दोनावर. “काहून भेलो मी या रंगाले, मॅडम?” ते म्हणाले आणि तीनावर त्यांनी चक्क उडी मारली. मग मुलं सुटली ती सुटलीच.

दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्यांचा ट्रक लागला, तेव्हा सर सकाळीच तिथं जाऊन उभे. रेणुकाच्या बापाला म्हणाले, “पोरीले आजीपाशी ठेवून जाय.”

“आजीले दिसत नाही सर. पोरीकडे कोण पाहीन?”

“मी आहो नं.” आवाज जराही हलला नाही. तसा तो मी एकदाच ऐकला. रेणुका राहिली, तिच्यामागून आणखी दोन मुलं राहिली, आणि पट चौदाच राहिला.

उन्हाळ्यात सर निवृत्त झाले. जाताना कपाटाची किल्ली आणि चिंचोक्यांचा डबा माझ्या हातात देऊन म्हणाले, “तुमी भेऊ नका मॅडम. माह्यं भेऊन काहीच झालं नाही.” त्यांची फार आठवण येते. त्यांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. फरशी पोरांच्या पायांनी पार झिजली आहे, कपाटाखालचे साठ ते सत्तरचे चौकोन तेवढे अजून नवेकोरे आहेत. यादी निघालेली नाही.

परवा मी दहाच्या ढिगल्या लावत बसले होते आणि केंद्रातून फोन आला. बोलणं झालं, झाडांचीच माहिती हवी होती. मोबाइल खाली ठेवला तर रेणुका माझ्याकडे टक लावून बघत होती.

“मॅडम, तुमीबी भेता का?”

“नाही गं,” मी म्हणाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की मी उभी आहे.