घरच्या खिशाचा राखणदार

सर्व संबंधितांस, आणि विशेषतः दुसऱ्याच्या खिशात हात घालायची ज्यांना सवय आहे अशा सर्व सज्जनांस, अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, वळसंगचे श्री. भीमाशंकर ऊर्फ अण्णा, वय त्यांच्या मते साठ आणि त्यांच्या बायकोच्या मते सत्तर, हे सहा आठवड्यांपूर्वी वारले. परंतु वारले म्हणून ते गप्प बसले आहेत, असा समज कोणीही करून घेऊ नये.

हे निवेदन मी उभं राहून, घसा खाकरून केलं असं समजा. अण्णांना असा थाट आवडायचा. साधी चहाची ऑर्डरसुद्धा ते दवंडी पिटल्यासारखी द्यायचे. बातमी आली तेव्हा मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या माझ्या ऑफिसचं शटर वर करत होतो. ऑफिस म्हणजे चादरींच्या दुकानावरच्या दोन खोल्या, आणि धंदा म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांना लागतील तसे मोबाइलचे प्रोग्राम लिहून देणं. फोन इक्बालचा होता. इक्बाल ट्रक चालवतो आणि एरवी फोनवर इतका ओरडतो की फोन नसता तरी ऐकू आलं असतं. त्या दिवशी मात्र हळू बोलला. "मास्तर... अण्णा गेले." छातीत कळ आली, पाणी मागितलं, आणि त्यांची बायको शांताक्का तांब्या घेऊन येईपर्यंत संपलंसुद्धा. मी अर्ध्या शटरखाली वाकलेला तसाच उभा राहिलो. मनात पहिला विचार काय आला, सांगू? पाण्याची वाटसुद्धा न बघता निघाला हा माणूस... ज्यानं मला चार वर्षं "घाई करू नको, घाई करू नको" म्हणून छळलं!

अण्णांची आणि माझी गाठ पडली ती एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठमुळे. शेठचं नाव मी घेणार नाही, कारण ते पेपरची ही पुरवणी वाचतात आणि मला पुन्हा त्यांच्या टेबलाशी बसून चहा प्यायचा आहे. अक्कलकोट रोडला त्यांचा गाड्यांचा तळ आहे. गाडी निघताना ड्रायव्हरच्या हातात खर्चाची रोकड द्यायची जुनी पद्धत बंद करून सगळं मोबाइलवर आणायचं त्यांच्या मनात आलं. वाटखर्च मोबाइलवर जाणार, पगारही मोबाइलवर, आणि पंक्चरवाल्यापासून ढाब्यापर्यंत सगळ्यांना ड्रायव्हर मोबाइलवरूनच पैसे देणार. मला म्हणाले, "सोपं पायजे. एकदम सोपं." मी दोन महिने खपून सोपं केलं. पैसे कशासाठी दिले ते निवडायला सतरा प्रकारांची यादी, प्रत्येक बिलाचा फोटो, वर एक गुप्त आकडा. मी स्वतःवर इतका खूश होतो की घरी येताजाता बायकोला दाखवत होतो.

शेठनी ते तपासायला सगळ्यात जुना ड्रायव्हर दिला, तो म्हणजे अण्णा. अण्णांना आकडे वाचता यायचे आणि गावांच्या पाट्या नुसत्या आकारावरून ओळखू यायच्या. बाकी अक्षरांशी त्यांचं वैर नव्हतं, फक्त ओळख नव्हती. त्यांनी फोन लांब धरला, उन्हात धरला, ग्रीस लागलेल्या अंगठ्यानं चार वेळा दाबला, आणि विचारलं, "मास्तर, ह्ये मोबाइलचं हाय का तहसील कचेरीचं?" माझ्या खिशाला पेन होतं म्हणून मी मास्तर. तेव्हापासून मास्तरच.

मग त्यांनी मला ड्रायव्हरचे खिसे शिकवले. रस्त्यावरचा माणूस पैसे एका जागी ठेवत नाही. पँटीचा उजवा खिसा डिझेलचा. शर्टाचा वरचा खिसा रस्त्याचा, म्हणजे टोल, पंक्चर, चहा, जेवण. आणि बंडीला आतून शिवलेला खिसा घरचा. अण्णांच्या बंडीचा तो खिसा शांताक्कांनी जुन्या चादरीच्या कापडाचा शिवला होता. त्या खिशाची एक रीत होती. उपाशी राहिलं तरी वाटेत तो उघडायचा नाही. घराच्या उंबऱ्यात उभं राहून उघडायचा, आणि तोही स्वतःच्या हातानं. बायकोनंसुद्धा त्यात हात घालायचा नाही, समोर पदर धरायचा. "तुज्या फोनात सगळं एकाच डबड्यात कोंबलंय," अण्णा म्हणाले. "डिझेल कुटलं आन् लेकराचं दूध कुटलं, कळंना झालंय."

मी सतरा प्रकार पुसले आणि तीन खिसे केले. तीन मोठाले रंगीत चौकोन, ग्रीसचा अंगठाही चुकणार नाही एवढे. वाचता न येणाऱ्यांसाठी फोन बोलणार असंही ठरलं. आधी मी पुण्याहून एका बाईंचा गोड आवाज करून आणला. झालं काय, तर आवाज आला की तळावरचे अर्धे ड्रायव्हर फोन कानाला लावून अदबीनं म्हणायचे, "हां मॅडम, बोला." मॅडम पुढं काही बोलायच्या नाहीत आणि हे बिचारे वाट बघत बसायचे. एक जण तर नाराज झाला, म्हणाला, बाई तोडूनच टाकतात. शेवटी इक्बालच म्हणाला, "अण्णांचा आवाज घाला ना बे. सगळे ऐकतात त्यांचं."

ते रेकॉर्डिंग आम्ही इक्बालच्या ट्रकच्या केबिनमध्ये केलं, भर दुपारी, काचा वर करून, कारण खाली हॉर्न वाजत होते. सोलापूरचं ऊन आणि बंद केबिन... आम्ही तिघे आत भरल्या वांग्यासारखे शिजत होतो. अण्णा समोर दहा फुटांवर कुणी उभा असल्यासारखे ओरडत होते. मी म्हटलं, "अण्णा, जरा हळू." तर म्हणाले, "हळू कसं? इंजन चालू असतंय की!" पैसे पाठवण्याआधी फोननं काय म्हणायचं ते मी कागदावर लिहून वाचून दाखवलं होतं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि स्वतःचंच बोलले. "नाव नीट ऐक. बरोबर असंल तर दाब. घाई करू नको, गाडी कुटं पळून जात न्हाय." आणि घरी पैसे पाठवले की, "बरं केलंस. आता जेवून घे." हे शेवटचं मी लिहिलेलंच नव्हतं. पण काढायची माझी छाती झाली नाही.

आता माझा गुन्हा कबूल करतो. शेठनी माझ्याकडून आणखी एक बटण करून घेतलं होतं. माल भिजला, ताडपत्री फाटली, तर नुकसान ड्रायव्हरच्या खिशातून कापून घ्यायचं, ऑफिसात बसल्या बसल्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट एका दाबात काम होतं याचाच मला अभिमान. तो मी अण्णांपुढे मिरवला. त्यांनी चहाचा कप तोंडापाशी धरून विचारलं, "कंच्या खिशातनं?" मी म्हटलं, "कुठल्याही." त्यांनी कप खाली ठेवला आणि जिना उतरून निघून गेले. भरलेला कप. ज्या माणसानं आयुष्यात बशीतला थेंब वाया घालवला नाही त्याचा.

चार दिवस माझा फोन घेतला नाही. पाचव्या दिवशी आले ते धापा टाकत, दारातच शर्ट काढला आणि नुसत्या बंडीवर माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, "घाल हात."

"कुठे अण्णा?"

"ह्या आतल्या खिशात. बायकोनं शिवलेल्या. घाल की! मी हितं उभा हाय, काय बी करत न्हाय."

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत. मी हात पुढे केला खरा, पण तो त्या बंडीपर्यंत पोचेना. म्हाताऱ्याची छाती वरखाली होत होती, चादरीच्या कापडाचा तो निळा-लाल तुकडा दिसत होता, आणि माझा हात हवेत तसाच...

"लाज वाटली न्हवं?" ते म्हणाले. "मग तुज्या मशीनला बी लाज शिकिव."

इतकं मोठं वाक्य मला कुठल्या कॉलेजात कुणी सांगितलं नव्हतं. तोवर मला ते अधूनमधून 'तुमी' म्हणायचे. त्या दिवसापासून कायमचा 'तू' झालो, आणि ती बढतीच होती.

तिथून आम्ही थेट तळावर गेलो. हे सोपं नव्हतं. अण्णांचं स्टिअरिंग सुटायची वेळ आली होती, डोळे थकले होते, आणि गेटवर वॉचमन म्हणून ठेवतो असा शेठनी शब्द दिला होता. म्हातारपणाचा तेवढाच आधार. मी जिन्यात त्यांना आठवण केली. ते म्हणाले, "त्येची काळजी तू नको करू, तू शर्ट धर माजा." मी शर्ट धरला. दहा-बारा ड्रायव्हर बाहेर बसले होते, तेही मागं मागं आत आले. आणि शेठच्या टेबलापुढे बंडीवर उभं राहून अण्णांनी पुन्हा तेच केलं. "घाला हात, शेठ."

"काय रे भीमा, डोकं फिरलं का तुझं?" शेठ त्यांना कायम भीमाच म्हणायचे. वयानं लहान असूनही.

"मशीनमधनं घालनार हाय न्हवं? मग हातानं घाला की. मी काय चावतो व्हय?"

शेठनी ड्रायव्हरांकडे बघितलं. त्यांनी हात पुढे केला, बोटं कापडाला लागली आणि विस्तवाला लागल्यासारखी मागं आली. "आधी शर्ट घाल," ते म्हणाले. मग, आणि यात त्यांचंही काही चुकत नव्हतं, "पण नुकसान झालं तर मी कुणाकडं बघू?"

"माज्याकडं बगा की. समोर बसवा, इचारा. माजी चूक असंल तर मीच काढून दीन. मी काढीन शेठ. तुमी न्हाय."

शेठ म्हणाले, "वॉचमनची नोकरी मग विसर."

"इसरलो," अण्णा म्हणाले आणि माझ्या हातातून शर्ट घेतला.

बटण राहिलं, पण लाज शिकून. शेठनी ते दाबलं तरी घरच्या खिशातून पैसा हलणार नाही, आधी ड्रायव्हरच्या फोनवर विचारणा जाणार आणि तो 'हो' म्हणाला तरच पुढं, एवढं शेठनी कबूल केलं. बारा ड्रायव्हर समोर असल्यावर माणूस बरंच काही कबूल करतो. संध्याकाळी आम्ही तिघे पुन्हा इक्बालच्या केबिनमध्ये चढलो आणि अण्णांनी आणखी एक वाक्य बोलून दिलं. हे ड्रायव्हरच्या फोनसाठी नव्हतं. हे शेठच्या कॉम्प्युटरसाठी होतं, ते बटण दाबल्यावर वाजायचं. शेठना आम्ही ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं, मान्य. पण मजा गेली असती.

नोकरी खरंच मिळाली नाही. अण्णा मग वळसंगहून रोज एसटीनं यायचे आणि तळाच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर बाकावर बसायचे, बिनपगारी. शेठच्या खिडकीतून तो बाक सरळ दिसतो. कुणा ड्रायव्हरला फोन उमगला नाही की तो रस्ता ओलांडून अण्णांकडे जायचा. चार वर्षांत शेठनी ते बटण एकदाही दाबलं नाही. नुकसान झालं की खिडकीबाहेर बघायचे, आणि ड्रायव्हरला समोर बोलवून विचारायचे.

अण्णा गेल्यावर तिसऱ्या दिवशी मी वळसंगला गेलो. शांताक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, खुंटीला बंडी तशीच. मुलगा म्हणाला, आतल्या खिशात काय आहे बघायला हवं. अक्का ताडकन म्हणाल्या, "बगायचं न्हाय. त्येंच्या खिशात हात घालायची रीत न्हाय आपल्यात." पाहुण्यांपैकी कुणीतरी समजूत घालू लागलं, अहो आता ते नाहीत... तर अक्कांनी त्या माणसाकडे अशा नजरेनं बघितलं की तो पाणी प्यायच्या निमित्तानं बाहेर गेला तो आत आलाच नाही. बंडी अजून खुंटीलाच आहे.

आणि आता गेल्या आठवड्यातलं. शेठनी मला बोलावलं. म्हणाले, "अहो, मेलेल्या माणसाचा आवाज रोज सगळ्यांच्या फोनमधून येतो. बरं दिसत नाही. दुसरा घाला." मी म्हटलं, नाही घालणार. आयुष्यात गिऱ्हाइकाला इतकं सरळ 'नाही' मी कधी म्हटलं नव्हतं, माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, ज्यांच्या फोनात आवाज आहे त्यांना विचारा, ते 'हो' म्हणाले तर काढतो. शेठ चिडले. तेवढ्यात इक्बाल आत आला. त्याच्या गाडीची ताडपत्री फाटली होती, तेच सांगायला. शेठनी सवयीनं खिडकीबाहेर बघितलं. बाक रिकामा होता. मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बघितलं, बोट उचललं आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते बटण दाबलं.

इक्बाल एकदम वर पंख्याकडे बघायला लागला. मी चष्मा पुसायला घेतला. आणि शेठच्या टेबलावरून, बंद केबिनमधल्या त्याच चढ्या आवाजात, इंजिन चालू असल्यासारखे अण्णा ओरडले, "हात काढा शेठ! ह्यो घरचा खिसा हाय. आदी माणसाला इचारा!"

शेठ खुर्चीतून उभे राहिले. खरोखर उभे राहिले, हात मागे घेतला, आणि त्या रिकाम्या बाकाकडे बघत मोठ्यांदा म्हणाले, "विचारतो अण्णा, विचारतो!"