कापसाचा जन्मदाखला

श्री. गुणवंतराव ढुमणे यांची माझी पहिली भेट पांढरकवड्याजवळच्या, कापसातून सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या नमुना खोलीत झाली. मी बी.एस्सी. होऊन घरी बसलो होतो. कारखान्याला साहाय्यक हवा असल्याचे कळले म्हणून मारेगावहून सकाळच्या बसने गेलो. गुणवंतराव तिथे ग्रेडर होते. आलेल्या कापसाची प्रत ठरवणे हे त्यांचे काम. त्यांनी माझी प्रमाणपत्रे पाहिली नाहीत. हात पुढे करायला सांगितले.

"केसाले तेल लावता काय?"

"हो."

"मग कामाच्या वेळी हात डोक्याकडे नेऊ नका. हात कोरडे ठेवा. ओल्या हाताले कापूस खोटं सांगते."

एवढीच मुलाखत झाली. पुढे बावीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली काम केले. थोड्याच दिवसांत ते मला 'सुधाकर' म्हणू लागले आणि मी त्यांना 'साहेब'. ते आजतागायत तसेच आहे.

साहेबांची कामाची रीत ठरलेली असे. रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, चिमूटभर पुंजका घ्यायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा, तंतू एकमेकांवर सरळ बसवायचे आणि काळे कापड चिकटवलेल्या पाटीवर ठेवायचे. पट्टी लावण्याआधीच ते धाग्याची लांबी सांगत. नंतर मी पट्टी लावी आणि ती त्यांच्या शब्दाला दुजोरा देई. नमुना निळ्या कागदात गुंडाळून वर चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर गाव, वेचा म्हणजे कितवी वेचणी, आणि धाग्याची लांबी. अनेकदा शेतकऱ्याने गाव सांगण्याआधीच साहेब ते सांगत. केळापूरकडचा कापूस आणि कळंबकडचा कापूस त्यांच्या बोटांना वेगळा लागे.

एकदा एका शेतकऱ्याने गाठोड्यात वर चांगला माल आणि तळाशी शेवटच्या वेच्याचा पिवळा माल भरून आणला. साहेबांनी कोपरापर्यंत हात घातला आणि बाहेर काढून म्हणाले, "वरचा कापूस तुमचा दिसते भाऊ. खालचा काय साळ्याचा आणला?" लोक हसले. तो माणूसही हसला. साहेबांनी त्याला चारचौघांत चोर म्हटले नाही, आणि मालाला चढी प्रतही दिली नाही. पुन्हा त्याने कधी मिसळ केली नाही.

निवृत्तीनंतर त्यांनी एक काम आपणहून अंगावर घेतले. आपला देश दुसऱ्या देशांशी मुक्त व्यापाराचे करार करतो, त्यांत कापसाचे काय ठरले हे शेतकऱ्यांना समजावे, अशी त्यांची इच्छा होती. करारांचे इंग्रजी कागद ते छापून आणत, शब्दकोश घेऊन बसत आणि दर गुरुवारी वाचनालयाच्या ओट्यावर सोप्या भाषेत सांगत. कोणत्या देशाचा किती कापूस बिनशुल्क येणार, तो कोणत्या लांबीचा, बदल्यात आपले कपडे तिकडे कसे जाणार, हे सगळे. ते एकांगी बोलत नसत. सूतगिरणीला स्वच्छ कापूस लागतो आणि गिरणीत राबणारे हातही आपलेच आहेत, हे ते दर वेळी सांगत. त्यावर कुरकुर होई.

एका गुरुवारी त्यांनी सांगितले की करारातली सवलत हवी असेल तर माल नेमका कुठला, याचा दाखला जोडावा लागतो.

आमच्या गावचे विठ्ठलराव म्हणाले, "म्हणजे कापसाचा जन्मदाखला?"

"तसंच समजा."

"आमच्या पोराचा मिळायले तीन चकरा लागल्या साहेब. कापसाचा कोन देईन?"

साहेबांनी दोन्ही हात वर करून बोटे दाखवली. "हे देतीन. तुम्ही माल स्वच्छ ठेवा. बाहेरचा कितीही येऊ द्या, तुमचा माल कोनता ते मी डोळे मिटून सांगीन. स्वच्छ मालाले मरण नाही."

ते वाक्य ऐकणाऱ्यांत माझी पत्नी सुमन होती. शेत तीच पाहत असे. तिने ते वाक्य घरी आणले आणि पाळले. आमच्या शेतात वेचणीला प्लास्टिकचे पोते बंद झाले. सुती चादरी आल्या. वेचणाऱ्या बायांना ती डोक्याला रुमाल बांधायला लावी, कापसात केस जाऊ नयेत म्हणून. दव वाळल्याशिवाय बोंडाला हात नाही. बाया तिची थट्टा करत. "सुमनबाई, कापूस वेचून राह्यलो का देवाची फुलं?" ती म्हणे, "साहेबाच्या हातात जाते तो. लाज राहिली पाह्यजे."

जास्तीच्या मेहनतीचे वेगळे काही मिळत नव्हते. गावातल्या चाळीसेक घरांनी तरीही तसेच केले. साहेबांचा शब्द होता.

सुमन आजारी पडली तेव्हा साहेब यवतमाळच्या दवाखान्यात एक दिवसाआड येत. स्वतःच्या गुडघ्यांचा त्रास असताना दोन जिने चढून येत. फळे आणत नसत. मागच्या हंगामातले राखून ठेवलेले बोंड आणत आणि तिच्या हातात देत. ती ते उलगडून बघे आणि दोघे त्यावर बोलत. मी बाजूला बसून ऐकत असे. आजाराविषयी ते कधी बोलले नाहीत. त्या महिन्यांत तिच्याशी शेताचे बोलणारे ते एकटेच होते. याचे उपकार मला शब्दांत मांडता येत नाहीत.

श्रावणात सुमन गेली.

त्याच हंगामात, संक्रांतीनंतरच्या एका गुरुवारी, एका गिरणीसाठी खरेदी करणारे गृहस्थ ओट्यावर आले. त्यांनी निळ्या कागदातले दोन नमुने साहेबांसमोर ठेवले. वर चिठ्ठ्या नव्हत्या. म्हणाले, "साहेब, तुमची कीर्ती ऐकली. सांगा, कुठला कुठला आहे?"

साहेबांनी हात पुसले. पहिला पुंजका ओढला आणि म्हणाले, "हा मिसळीचा हाय. दोन-तीन गावांचा." दुसरा ओढला. पाटीवर ठेवला. पुन्हा ओढला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसले. मी त्यांना इतकी वर्षे ओळखतो, म्हणून सांगतो. "हा मारेगावकडचा. पहिला वेचा. चादरीवर वेचलेला. पाहा लेकहो, याले म्हनतात माल."

लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर ते गृहस्थ पुढे सरकले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "साहेब, पहिला इथला आहे. हा दुसरा जहाजातून उतरलाय. करारातला, बिनशुल्क." त्यांचा हेतू वाईट होता असे मला वाटत नाही. तेही अवघडले होते.

विठ्ठलराव उठले आणि चप्पल शोधू लागले. साहेबांनी दोन्ही नमुने नीट गुंडाळले, खिशातून पेन काढले, देशाचे नाव विचारून ते दुसऱ्यावर लिहिले आणि परत दिले. मग घरी गेले. त्यानंतरच्या गुरुवारी ओटा रिकामा होता. अजून आहे. साहेबांनी त्या दिवसापासून कापसाला हात लावलेला नाही.

सुमनला हे पाहावे लागले नाही, हे बरे झाले, असे लोक म्हणतात. मला तसे वाटत नाही. ती असती तर साहेबांना काहीतरी बोलली असती. मला बोलता आले नाही.

त्यांच्या अमृतमहोत्सवाचा हा ग्रंथ काढायचे ठरले तेव्हा समितीने मला त्यांच्याकडे पाठवले. साहेब अंगणात बसले होते. "नको," म्हणाले. मी बराच वेळ बसून राहिलो, तेव्हा त्यांनी सांगितले.

"सुधाकर, बोटायले समजलं होतं. बाहेरची रुई करवतीच्या यंत्रातून निघते, आपली रुळातून. फरक लागला होता हाताले. मनानं ऐकलं नाही. इतका स्वच्छ माल पाहिला अन् वाटलं, आपलाच हाय. सुमनबाईच्या शेतातला हाय."

मी म्हणालो, "एका नमुन्यानं काय होते साहेब?"

"चाळीस घरायले मी सांगतलं, स्वच्छ मालाले मरण नाही. ती बाई उन्हातान्हात रुमाल बांधून वेचत राह्यली, ते माझ्या शब्दावर. तिकडं यंत्र वेचते, अन् त्याहून स्वच्छ. मी कागद वाचत होतो, पण हे वाचलं नाही."

त्या गुरुवारनंतर काही महिन्यांपुरते तर सगळ्याच परदेशी कापसावरचे शुल्क उठवले गेले. नवे करार होतच आहेत. ते समजावून सांगणारे कोणी नाही आणि ऐकायला जमणारेही आता फारसे नाहीत. आमच्या गावात यंदा बहुतेक घरांत प्लास्टिकची पोती परत आली. मी कोणाला दोष देत नाही.

शेवटी साहेबांनी एका अटीवर होकार दिला. "गौरव लिहायचा असन तर त्या गुरुवारचंही लिही. नाही तर पुस्तकात माझं नाव नको." म्हणून ते इथे लिहिले आहे. जो माणूस आपल्या गौरवग्रंथात स्वतःची चूक नोंदवायला लावतो, त्याच्याबद्दल मी आणखी वेगळे काय सांगू?

एक गोष्ट मी त्या दिवशी त्यांना सांगू शकलो नाही. ती इथे सांगतो. सुमनने दवाखान्यात जाण्याआधीच्या हंगामात स्वतः वेचलेल्या कापसाची रुई माझ्याकडे आहे. निळ्या कागदात तिनेच गुंडाळली. चिठ्ठीवर तिच्या अक्षरात गाव आहे, 'पहिला वेचा' आहे. लांबीची जागा कोरी आहे. ती साहेबांनी भरायची, असे तिने ठरवले होते. मला पट्टी लावता येते. मी लावलेली नाही.

साहेबांना उदंड आयुष्य लाभो, गुडघ्यांना आराम पडो आणि बोटे शाबूत राहोत, एवढे मी मागतो. काळ बदलेल, करार आपल्या सोयीचे होतील, अशी आशा मला नाही. ती पुडी बाहेरच्या कापसापुढे टिकेल की नाही, तेही मला ठाऊक नाही. पण तिचा जन्मदाखला अर्धा राहिला आहे.

साहेब, येत्या गुरुवारी मी ती घेऊन घरी येतो. हात कोरडे ठेवा.