पाणी दिलेले काका

आमच्या काकांच्या पावलांचा आवाज येत नसे. पायांत जाड वहाणा असत, तरी येत नसे. देऊळगाव राजात आमच्या जातीतले लोक त्यांच्याकडे न बघताच बाजूला होत, कारण आमच्या लेखी ते मेलेले होते.

त्यांनी विधवा मुलीचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. सरकारी कायद्याला ते चालत होतं, जातीच्या धर्माला नाही. पंचांनी त्यांना जातीबाहेर टाकलं, जिवंतपणीच त्यांच्या नावाने मातीची घागर भरून दक्षिणेकडे लवंडली आणि आम्ही भाऊबंदांनी सुतक धरलं. काकांना मुलगा नव्हता, म्हणून पिंड मी ठेवला. दहाव्याला कावळा काही शिवेना. ऊन कलायला लागलं तेव्हा नदीच्या पलीकडच्या काठावर काका उभे दिसले. ते कधी आले कुणालाच कळलं नाही. ते कावळ्याला म्हणाले, "शीव बाप्पा. माह्यं काही राह्यलं नाही." कावळा शिवला.

त्यानंतर ते आमच्या घराच्या भिंतीशी बोलत, मला ऐकू जाईल अशा बेताने. बुलढाण्याच्या कचेरीत त्यांनी अर्ज केला, तोही मला असाच कळला. कायद्याने तुम्ही जिवंत आहात, पण पंगतीला बसवणं सरकारचं काम नाही, असं साहेबाने सांगितलं. "कागदावर जिता अन् पंगतीत मेला," काका भिंतीला म्हणाले, "मंग राहू कुठं?" मेलेल्याशी बोलणाऱ्याचीही घागर भरत. दर वर्षी त्यांच्या नावाने तीळपाणी मात्र मी न चुकता सोडत होतो.

पुढे असेंब्लीची निवडणूक आली. आम्हा शाळामास्तरांना कामाला जुंपलं आणि यादीतली नावं मोठ्याने वाचणं माझ्याकडे आलं. तेव्हा शेतसारा भरणाऱ्यांना मत असे; शेत काकांच्या नावावर होतं, म्हणून तेही मतदार होते. दुपारी मी यादीवरून मान वर केली, तर काका टेबलासमोर उभे. उमेदवाराचा माणूस म्हणून बसलेले आमचे एक पंच शांतपणे म्हणाले, "हा इसम मयत आहे." मतदान अधिकारी बाहेरगावचा. त्याने मला विचारलं, "मास्तर, तुम्ही ओळखता यांना?"

खरं सांगतो, मला काकांचाच राग आला. घरी बायको होती, पाळण्यात मुलगी होती.

"सांग बापू," काका म्हणाले. किती वर्षांनी ते भिंतीशी नाही, माझ्याशी बोलत होते. "मले पाणी तूच देतं ना दरसाल?"

मी वाचलं, "सखाराम भगवंत. हजर."

काका मत द्यायला आत गेले, तेव्हा फरशीवर त्यांच्या वहाणा वाजल्या.

आठवड्याच्या आत माझी घागर लवंडली. त्यानंतर काका दोनच वर्षं जगले. त्यांना अग्नी मी दिला आणि मनसोक्त रडलो. पण ते डोळ्यांपुढे येतात ते माझ्या दहाव्याच्या दिवशीचे. पलीकडच्या काठावर आम्ही दोघं शेजारी उभे होतो. अलीकडे माझा पिंड, भोवती माझेच भाऊबंद. कावळा यायचा, घिरट्या घालून जायचा.

"सांगून टाक त्याले," काका म्हणाले, "नाही तर हे सांजपर्यंत बसतीन."

मी सांगितलं नाही. माझं पुष्कळ राहिलं होतं. शेवटी भाऊबंदांनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि मागे न बघता घरी गेले.