बिनगाठीचा दोरा

जोन्जूच्या जुन्या कौलारू आळीत सकाळी दहाला दुकानं उघडली की पहिली गर्दी उसळते ती कपडे भाड्याने देणाऱ्यांकडे. चार तासांसाठी राजकन्या व्हायचं असतं ना सगळ्यांना! टीव्हीवरच्या मालिका पाहून कुठकुठून लोक येतात, जुन्या वळणाचा हानबोक, म्हणजे आखूड चोळी आणि घेरदार परकर, चढवतात, देवडीपाशी मान वाकडी करून फोटो काढतात आणि मोडांचं सूप ओरपून परत जातात. हानबोक म्हणजे नुसतं म्हणायला. मागे चेन, कमरेला इलॅस्टिक, परकराच्या आत फुगवायला तारेची कडी आणि छातीवरच्या बंदाचा आयता फुलोरा चाप दाबून चिकटवलेला. बंद बांधायचा असतो, बाबांनो, चिकटवायचा नसतो!

असं बोक्सिम म्हणायची. मनातल्या मनात नव्हे, चांगलं मोठ्याने. आळीच्या मागच्या बोळात तिचं एका खिडकीचं दुकान. वय एकाहत्तर, पाठ वाकलेली, जिभेला मात्र बाक नाही. चोपन्न वर्षं तिने हाताने हानबोक शिवले आणि आता पोटासाठी काय करायची, तर त्याच भाड्याच्या कपड्यांच्या फाटलेल्या चेनी बदलायची. समोर ढीग पडला की एकेक परकर उचलून त्याच्याशी बोलायची.

"ये गं राणीसरकार! कुठल्या राजाने फाडला तुला? आइस्क्रीम सांडलंय वर. वा, काय खानदान!"

हा ढीग यायचा हेरानच्या दुकानातून. आळीतलं सगळ्यात मोठं भाड्याचं दुकान हेरानचं. दारातच तिचा पुरुषभर उंचीचा फोटो आणि खाली लिहिलेलं, 'हानबोक महागुरू'. महागुरू! जिने आयुष्यात एक बाही धड लावली नाही ती महागुरू. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, दुसरं काय. टीव्हीवर जाऊन सुईच्या अध्यात्मावर बोलायची आणि बोलताना हातातली सुई उलटी धरायची. बोक्सिमने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हसून हसून तिला ठसका लागला होता.

पण हेरान नुसती कुणी भाडेवाली असती तर बोक्सिमने तिला असं दातात धरलं नसतं. हेरान बाईंची मुलगी होती.

बाई म्हणजे जिच्याकडे बोक्सिम सतराव्या वर्षी दाम्यांगच्या खेड्यातून शिवण शिकायला आली ती मालकीण. उशिरा झालेली हेरान तेव्हा वर्षाची होती. बोक्सिम तिला पाठीला बांधून शिवायला बसायची. पोरगी मानेवर लाळ गाळायची आणि बोक्सिम काज करायची. बाई बोलायच्या कमी. शिवण हातात घ्यायच्या, टाक्यांवरून बोट फिरवायच्या आणि एकच शब्द बोलायच्या.

"उसव."

चुकलं की उसव. चुकलं नाही तर काही नाही. कपडा बाजूला ठेवायच्या आणि पुढचा घ्यायच्या. चोपन्न वर्षांत 'बरं झालंय' हे दोन शब्द त्यांच्या तोंडून निघाले नाहीत. बोक्सिमचं लग्न झालं, नवरा गेला, केस पिकले, हात असा तयार झाला की राजधानीतली, सोलची माणसं शोधत यायची. बाईंचं आपलं तेच. बोक्सिम सगळ्या जगावर थुंकायची, पण त्या दोन शब्दांसाठी तिचा जीव आतल्या आत तुटायचा. हे तिने कुणाला सांगितलं असतं तर लाजेने मेली असती.

आता बाई त्र्याण्णवच्या. डोळे गेलेले. हेरानच्या दुकानामागच्या खोलीत अंथरुणावर पडून. आणि यंदा अधिक महिना आला होता.

अधिक महिन्यात देव-भुतं कुणाकडे बघत नाहीत, म्हणून म्हाताऱ्यांचा शेवटचा पोशाख या महिन्यातच शिवून ठेवायचा. वाखाच्या कापडाचा, हाताने. आणि त्यातली मुख्य गोष्ट ही की दोऱ्याला गाठ मारायची नाही. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, मध्ये दोरा संपला तरी नाही. बोटभर दोरा मोकळा सोडायचा आणि बारीक धावदोऱ्याने शिवण धरून ठेवायची. गाठ राहिली तर मेलेल्याचा पाय अडतो आणि मागच्यांच्या वंशाला गाठी बसतात. अडलेली बाळंतपणं, मोडलेली लग्नं, सगळं त्या एका गाठीवर जातं.

महिन्याचे नऊ दिवस उरले असताना भरदुपारी हेरान मागच्या बोळाने आली. पुढच्या रस्त्याने येण्याची हिंमत नव्हती महागुरूंची. हातात टरबूज.

"ताई, उकाडा काय आहे ना यंदा."

"टरबूज कशाला? सरळ बोल. किती चेनी तुटल्या?"

"चेनी नाहीत गं." हेरानने रुमालाने मान पुसली. "आईला तिचा पोशाख माझ्या हातचा हवाय. रोज विचारते, झाला का, झाला का. आणि टीव्हीवाले येणारेत शेवटच्या दिवशी. महागुरू आपल्या आईचा शेवटचा पोशाख शिवते, असा कार्यक्रम आहे. मी कबूल करून बसले."

"मग शीव की. अध्यात्म आहे ना तुझ्या सुईत."

"ताई, टोमणे मार, दोन थोबाडीत मार, पण शिवून दे. मला येत नाही हे तुला ठाऊक आहे."

"मला ठाऊक आहे. अख्ख्या देशाला ठाऊक नाही, एवढंच." बोक्सिमने टरबूज पायाने बाजूला सारलं. "आयुष्यभर आयत्या पिठावर रेघोट्या ओढल्यास, आता आईच्या मरणावरही ओढ!"

हेरान रडायला लागली. रडताना सुद्धा पापण्यांचं रंगकाम सांभाळून. बोक्सिमला किळस आली. पण नाही म्हणाली नाही. का म्हणेल? ती नाही म्हणाली असती तर हेरानने कुठल्या तरी कारखान्यातला, यंत्रावर शिवलेला पोशाख आणला असता, आणि बाई गाठींचं गाठोडं घेऊन गेल्या असत्या. आणि दुसरं म्हणजे, बाई तो पोशाख हातात घेणार होत्या. टाक्यांवरून बोट फिरवणार होत्या. शेवटचं.

"एक पिशवी तू शिवायचीस," बोक्सिम म्हणाली. "नखांची. आईला सांगतेस ना मी शिवलं, मग निदान तेवढं तरी खरं असू दे."

पोशाखाबरोबर पाच चिमुकल्या पिशव्या असतात, चार हातापायांच्या नखांसाठी आणि एक गळालेल्या केसांसाठी. तळहाताएवढी पिशवी. लहान पोरगी शिवेल.

नऊ दिवस बोक्सिमने चेनींचा ढीग कोपऱ्यात लोटला. खिडकी लावून, पंखा बंद करून (वाखाचं कापड उडतं), भाजक्या जवाचं पाणी पीत ती शिवत बसली. मांड्यांना पेटके आले. बोटांना भोकं पडली. बाहेरून कुणी गिऱ्हाइकाने हाक मारली की आतून ओरडायची, "मेली बोक्सिम, उद्या या!" असा पोशाख तिने जन्मात शिवला नव्हता. टाके असे की मुंग्यांची रांग वाकडी वाटावी. शिवताना ती स्वतःशीच म्हणायची, आता बघू कशा गप्प बसता, बाई.

आठव्या दिवशी हेरानने आपली पिशवी आणून दिली. बोक्सिमने घडी घालायला म्हणून उलटवली आणि तिला दिसली गाठ. दोऱ्याच्या टोकाला, कडेच्या दुमडीत दडलेली, मोहरीएवढी. बटण लावताना मारतो तशी हेरानने सवयीने मारली होती.

कात्रीने टोक कापायचं, पाच टाके उसवायचे, पुन्हा घालायचे. काम किती? विडी ओढून होईस्तोवरचं. बोक्सिमने कात्री हातात घेतलीही. मग ठेवून दिली. दुकानाच्या दारातला तो पुरुषभर फोटो तिच्या डोळ्यांपुढे आला. टीव्हीसमोर बाईंचं बोट त्या गाठीवर थांबेल. साऱ्या देशासमोर बाई म्हणतील, उसव. आणि मग बाकीच्या कपड्यांवरून बोट फिरवतील तेव्हा हे कुणाचं ते कळेल त्यांना, आणि सगळ्यांना. तिने ती पिशवी नीट दुमडली आणि सगळ्यांच्या वर ठेवली. त्या संध्याकाळी तिला भूकही चांगली लागली.

शेवटच्या दिवशी बाईंच्या खोलीत दिवे लागले, दोन कॅमेरे लागले. महागुरू फिक्या रेशमात, डोळे खाली. बोक्सिम कोपऱ्यात, भिंतीला टेकून. "या आमच्या मदतनीस," अशी तिची ओळख करून दिली गेली. मदतनीस! बोक्सिम नुसती हसली. घटकाभर थांबा म्हणावं.

हेरानने घडी आईच्या मांडीवर ठेवली. "आई, झाला तुझा पोशाख."

बाईंचे हात वाळक्या काटक्यांसारखे. त्यांनी वरची पिशवी उचलली. अंगठा कडेवरून फिरत गेला आणि थांबला. पुन्हा मागे आला. थांबला.

"ही कुणी शिवली?" बाईंनी विचारलं.

"मी, आई."

"हं." बाईंचा चेहरा जरासा मऊ पडला. "हात तुझाच. लहानपणीही असंच शिवायचीस. तुला काय कळतंय म्हणा." मग त्यांनी मान कोपऱ्याकडे वळवली, जणू डोळे होते. "आणि घडी कुणी घातली?"

"मी, बाई," बोक्सिम म्हणाली.

"गाठ पाहिली नाहीस?"

"नाही, बाई."

बाईंनी अंगठा पुन्हा गाठीवर टेकवला. बाहेर आळीतून फोटो काढणाऱ्या पोरींचं खिदळणं ऐकू येत होतं.

"चोपन्न वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "तुझ्या नजरेतून एक गाठ सुटली नाही कधी. म्हणून तुझं काम मी पुन्हा तपासलं नाही. आंधळी झाले तरी म्हणायचे, बोक्सिमचे डोळे आहेत. आणि आज ही सुटली? माझी नात पोटुशी आहे, बोक्सिम. दोन महिन्यांनी मोकळी व्हायची आहे. तिच्या पाठीला ही गाठ लावून मला धाडणार होतीस?"

हेरानने चमकून बोक्सिमकडे पाहिलं. कॅमेरा चालूच होता. टीव्हीवाल्यांच्या पोराला वाटलं, केवढा हृद्य प्रसंग मिळाला! पुढे तो असाच दाखवलाही त्यांनी, वर बासरी लावून. गाढवं.

"बाई, मी..." बोक्सिम पुढे सरकली. पोशाखाच्या घडीला तिने हात लावला. "हा बाकीचा एकदा बघा तरी. बाई, हा..."

"तो तुझा आहे," बाई म्हणाल्या. "वर हात ठेवला तेव्हाच कळलं. त्यात काय बघायचं?" त्यांनी घडी न उलगडताच बाजूला सारली आणि ती तळहाताएवढी पिशवी पुढे केली.

"उसव."

बोक्सिमने पिशवी घेतली. खिशातून कात्री काढली. तिने पिशवी उलटी केली, दुमड उघडली, उजेडाकडे धरली, पुन्हा फिरवली. डोळ्यांत पाणी दाटलं होतं, काही म्हणजे काही दिसेना.

हेरान तिच्याजवळ येऊन बसली. जिला सुई सरळ धरता येत नव्हती त्या हेरानने नखाने दुमड बाजूला केली.

"इथे आहे, ताई," ती हळूच म्हणाली. "गाठ इथे आहे."