फुफाजींची वाकडी नळी

माझ्या आत्याच्या यजमानांइतकी माणसांची नाके आतून पाहिलेला गृहस्थ त्या काळच्या गोंदियात दुसरा नव्हता, आणि चेहरे इतके कमी पाहिलेलाही नसावा. आम्ही त्यांना फुफाजी म्हणत असू. ते एका धर्मार्थ दवाखान्यात डॉक्टर होते. रस्त्यात कोणी रामराम केला की गोंधळत. त्याने मान मागे टाकून नाकपुड्या दाखवल्या की चटकन ओळखत. माझ्या बहिणीला पाहायला नागऱ्याहून पाहुणे आले, तेव्हा सगळे मुलाची शेती विचारत होते आणि फुफाजी त्याला उजेडाकडे बसवून म्हणाले, "आतला पडदा डावीकडे वाकला आहे. बाकी मुलगा चांगला." तरीही लग्न झाले, हे पाहुण्यांचे मोठेपण.

त्यांचे खरे भांडण कापसाच्या बोळ्याशी. नाकातला पू तपासायचा तर काडीला कापूस गुंडाळून नाकपुडीत फिरवायचा आणि लागेल ते सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, अशी रीत होती. "दाराशी रस्त्याची धूळ असते. घरात कोण राहते ते तिच्यावरून काय कळणार?" असे ते आत्याला जेवताना विचारीत. आत्या म्हणे, "जेवा आधी." गालाच्या हाडामागच्या पोकळीतला पू नाकात जिथे उतरतो, तिथलाच घ्यायचा आणि येता-जाता कापूस कुठे टेकू द्यायचा नाही, हा त्यांचा हट्ट. त्यासाठी त्यांनी काचेची बारीक नळी दिव्यावर तापवून टोकाशी वाकवली, तिच्यात तांब्याची तार घातली आणि तारेला कापूस गुंडाळला. जागेवर पोचल्यावर कापूस बाहेर सरकवायचा आणि पुन्हा आत ओढून घ्यायचा. पहिले प्रयोग त्यांनी स्वतःवर केले, पुढचे आमच्यावर. दिवाळीला आलेले जावई दोन दिवस आधीच परतत.

मी एकदा सर्दीसाठी त्यांच्याकडे गेलो होतो, तेव्हा दरेकशाहून एका शेतकऱ्याची बायको आली. वर्षभर तिच्या उजव्या नाकपुडीतून घाण वासाचा पू येत होता. घरच्यांनी महारोग ठरवून तिचे ताट वेगळे केले होते आणि अंथरूण गोठ्यात टाकले होते. दुसरीकडे दोनदा बोळा फिरवून झाला होता. काहीच ठरले नव्हते.

"पुन्हा कायले घालता काडी?" ती म्हणाली. "सासू म्हणते, आता माहेरीच धाडतो."

"ही काडी नाही बाई, नळी आहे. हलू नोको."

कापूस कडेला टेकला म्हणून त्यांनी तीन वेळा नळी काढली, बदलली. चौथ्यांदा जमले. बऱ्याच वेळाने सूक्ष्मदर्शकावरून मान वर करून म्हणाले, "हे जंतू नाकातले नाहीत, तोंडातले आहेत. आ कर." वरची एक दाढ मुळाशी कुजून थेट त्या पोकळीपर्यंत पोचली होती. अंगावर महारोगाची एकही खूण नव्हती. दाढ काढली, पोकळी धुतली. महिन्याभरात पू थांबला.

पुढच्या खेपेला ती सासूला घेऊनच आली. मीही तिथे होतो. "काल आमी संगं जेवलो," सासू खाली पाहत म्हणाली.

"तुले वास येते का आता?" फुफाजींनी सुनेला विचारले.

"येते ना. भात शिजून राहिला का अंगणातून समजते."

"कसा असते तो?"

ती हसली. "कसा म्हंजे? भातासारखा." पण फुफाजी हसले नाहीत, तेव्हा तिने जरा विचार केला. "दुधावानी. थोडा ओल्या मातीवानी."

फुफाजींनी डोळे मिटून मान हलवली. त्यांना स्वतःला तरुणपणापासून कशाचाच वास येत नव्हता, हे आत्याने मला ते गेल्यानंतर सांगितले.