शेजारच्या काकांचा पट्टेरी वाघ

जगात नसलेल्या गोष्टीवर आमच्या शेजारच्या काकांइतका ठाम विश्वास ठेवणारा माणूस मॉरिसव्हिलमध्येच काय, अख्ख्या अमेरिकेत सापडायचा नाही. डिसेंबर आला की इथली मराठी मंडळी बॅगांची वजनं करत भारतात जातात. काका जातात टास्मानियाला, वाघ शोधायला. हा वाघ म्हणजे खरं तर कुत्र्याच्या अंगलटीचा, पाठीवर पट्टे आणि पोटाला कांगारूसारखी पिशवी असलेला शिकारी प्राणी. त्यातला शेवटचा पिंजऱ्यात मेला त्याला नव्वद वर्षं होत आली. गणपतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने आपापला पदार्थ आणायच्या जेवणाला, माझ्या मुलीने त्यांना तोंडावर सांगितलं, "काका, इट्स एक्स्टिंक्ट." काका मोदकावर तूप घेत शांतपणे म्हणाले, "बेटा, ते गव्हर्नमेंट म्हणतं. वाघाने अजून काही स्टेटमेंट दिलेलं नाही."

तयारी वर्षभर चालते. तालीम म्हणून त्यांनी मागच्या अंगणात, झाडीकडे तोंड करून, हालचाल दिसली की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा लावला आहे. त्यात हरणं आली, कोल्हा आला आणि एकदा पलीकडच्या घरातले मधुमेही गृहस्थ झाडाआड बर्फी खाताना आले. त्यांच्या बायकोने काकांना खोदून खोदून विचारलं, पण काका बधले नाहीत. "वाइल्डलाइफचं लोकेशन डिस्क्लोज करायचं नसतं," म्हणाले. मूळचे अलिबागचे असल्यामुळे वासावर त्यांचा भारी भरवसा. एका वर्षी वाघाला आमिष म्हणून त्यांनी बॅगेत किलोभर सुकट नेली आणि ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर ती "टायगरसाठी" म्हणून अभिमानाने जाहीरही केली. "कुठला टायगर?" एवढंच तिथल्या अधिकाऱ्याने विचारलं. सुकट जप्त झाली, पण काकांचं उत्तर संपेपर्यंत तो बिचारा अधिकारीच घामाघूम झाला होता.

काकू इतकी वर्षं एकट्याच अलिबागला जात. "माझी सवत पट्टेरी आहे, एवढं मला माहीत आहे. बाकी त्यांचं ते बघतील," असं त्या चारचौघांत सांगत आणि हसत. पण गेल्या उन्हाळ्यात काकांच्या हृदयात स्टेंट बसले. डॉक्टरांनी बजावलं की एवढा लांबचा प्रवास फार तर आणखी एकदा, आणि तोही एकट्याने नाही. काकांनी तयारीच सोडून दिली. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्यासुद्धा बदलेनात. मला ते बघवत नव्हतं. शेवटी काकूंनीच दोन तिकिटं काढली, वर एअरपोर्टवर व्हीलचेअरसुद्धा सांगून ठेवली. मी त्यांना सोडायला गेलो तेव्हा काका व्हीलचेअरमध्ये मांडीवर दुर्बीण घेऊन बसले होते. "ह्या वेळेला नक्की. आता दोघं बघणारे आहोत," म्हणाले.

काल टास्मानियाहून काकूंचा फोन आला. काका गाडीत डोळा लागून पडले होते आणि दुर्बीण काकूंच्या हातात होती. "उद्या घरी परत निघायचं आहे, पण ह्यांना दम लागतो रे," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हणून मीच बघत बसते. असेल रे तो. एवढं मोठं जंगल आहे."

अंगणातल्या कॅमेऱ्याचे फोटो बघायचं काम काका माझ्यावर सोपवून गेलेत. काकांना तो एकदा तरी दिसावा, असं मला आता मनापासून वाटतं. फोटोंत रोज तीच हरणं असतात. तरी पुसून टाकण्याआधी मी प्रत्येकाची पाठ एकदा मोठी करून बघतो.